फायबर आल्यापासून फॅक्स अडतोय? फोन चालतो पण पान जात नाही, तेव्हा काय तपासायचं

तांब्याची जुनी लाइन काढून फायबर बसवलं की थोड्याच दिवसांत हा फोन ठरलेला असतो : "लाइन चालू आहे, बोलणं स्वच्छ होतं, फक्त फॅक्स जात नाही." मी ईपीएबीएक्स (ऑफिसातल्या एक्स्टेंशनचं छोटं एक्स्चेंज) आणि फॅक्सची कामं करतो. भोसरी-चाकण पट्ट्यात जपानी ग्राहकांना माल देणारे कारखाने आहेत, अमेरिकेतल्या दवाखान्यांची बिलं बघणारी मेडिकल बिलिंगची ऑफिसं आहेत. त्यांच्याकडे फॅक्स अजून रोजच्या कामाचा आहे आणि तो अडला की ऑर्डर अडते. हा बिघाड मी इतक्यांदा काढलाय की त्याचा क्रम हातात बसलाय. तोच इथे देतो, आणि वाटेत येणाऱ्या शब्दांचे अर्थही. कारण हे शब्द ठाऊक नसले की तक्रार नोंदवताना "व्हॉइस चालू आहे ना, मग लाइन ओके" असं सांगून तक्रार बंद केली जाते.

आधी लक्षणं

तुमचं लक्षण यातलं कोणतं ते नीट ठरवा. पुढचा निम्मा शोध त्यावरच ठरतो.

– डायल टोन छान, बोलणं छान, पण फॅक्स लावला की 'कम्युनिकेशन एरर'.
– एक पान जातं, पण तीन पानांचं इन्व्हॉइस दुसऱ्या-तिसऱ्या पानावर तुटतं.
– फॅक्स येतात पण जात नाहीत, किंवा जातात पण येत नाहीत.
– गावातल्या गावात जातो, परदेशात जात नाही.
– समोरची शिट्टी ऐकू येते आणि काही सेकंदांतच कॉल तुटतो.
– समोरचा म्हणतो, "तुमच्या नंबरवर लावलं की रेकॉर्डिंग बोलायला लागतं."
– मशीन 'ओके' छापतं, पण समोरच्याला मधल्या ओळी गायब किंवा पानावर आडव्या पट्ट्या.

सकाळी जातो आणि दुपारी जात नाही, असंही बरेच जण सांगतात. तेही लक्षणच आहे, लिहून ठेवा.

बोलणं चालतं तर फॅक्स का नाही?

जुन्या लाइनवर तुमच्या मशीनपासून एक्स्चेंजपर्यंत तांब्याची सलग जोडी होती. आता आवाजाचे तुकडे पडतात. दर सेकंदाला ८,००० नमुने, प्रत्येकी ८ बिट, म्हणजे ६४ किलोबिट. ते साधारण २० मिलिसेकंदांच्या पुड्या बांधून इंटरनेटच्या पद्धतीने पाठवले जातात. या न दाबलेल्या आवाजाच्या मानकाला जी.७११ म्हणतात. आवाज पुड्यांत बांधण्याची जी काही रीत असेल तिला कोडेक म्हणतात.

बोलताना एखादी पुडी हरवली तर कानाला पत्ताही लागत नाही, कारण गेलेलं अक्षर मेंदू भरून काढतो. फॅक्स मशीनला ती सोय नाही. सेकंदाला १४,४०० बिटच्या वेगाने पान चाललं असेल तर २० मिलिसेकंदांत २८८ बिट जातात. तेवढे एकदम गेले की एखाददुसरी ओळ उडते, किंवा समोरच्या मशीनचा ताल चुकतो आणि ते तिथेच हात वर करतं. पुड्या ठरल्या वेळी न येता मागेपुढे होणं, म्हणजे जिटर, हेही फॅक्सला तितकंच जड जातं.

त्यात जर फोन कंपनीने लाइनवरची जागा वाचवायला जी.७२९ नावाचा कोडेक लावला असेल तर विषयच संपला. तो ६४ ऐवजी ८ किलोबिटमध्ये काम भागवतो, कारण तो माणसाच्या आवाजाची घडण धरून तेवढंच पुढे पाठवतो. फॅक्सचा आवाज माणसाचा नसतो, त्यामुळे पलीकडे जे पोचतं त्यातून कुठलंच मशीन पान काढू शकत नाही.

म्हणून पहिली गोष्ट पक्की धरा : बोलणं स्वच्छ असणं हा फॅक्स लाइन चांगली असल्याचा पुरावा नाही.

पहिली तपासणी, बिनपैशाची : दोष नेमका कोणाकडे?

मशीनवर आधी साधी झेरॉक्स काढा. कॉपीवरच उभी रेघ किंवा पट्टी आली तर लाइनचा काही संबंध नाही. स्कॅनरची काच किंवा रोलर पुसा. मग तोच कागद दोन वेगवेगळ्या क्रमांकांवर पाठवा. एकाला जातो आणि एकाला जात नाही, तर आधी त्या समोरच्याला त्याचं मशीन तपासायला सांगा. कागद संपलेला, मेमरी भरलेली, हे तिकडेही होतं.

त्यानंतर ट्रान्समिशन रिपोर्ट छापा. त्यावरचा एरर कोड प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो, पण किती पानं गेली आणि किती वेळ कॉल चालला हे सगळ्यांवर असतं. तो कागद जपून ठेवा, पुढे कामाला येईल. आणि इथून पुढे एक शिस्त पाळा : एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि प्रत्येक बदलानंतर तोच कागद त्याच क्रमांकावर पाठवायचा. चार गोष्टी एकदम बदलून फॅक्स गेला तर कशामुळे गेला हे कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

दुसरी : वायर

मशीनच्या मागे दोन खाचा असतात. एकीवर 'लाइन' लिहिलेलं असतं, दुसरीवर 'एक्स्ट' किंवा 'टेल'. झाडलोट करताना वायर निघते आणि परत लावताना भलत्या खाचेत जाते. फोन मग चालूही राहू शकतो, म्हणून कोणाला शंका येत नाही.

पुढे ती वायर कुठे जाते ते हाताने धरून शेवटपर्यंत बघा. जुन्या ऑफिसात भिंतीवरच्या रोझेटमधून ती आतल्या दोन टेबलांवर समांतर फिरलेली असते. वाटेत ब्रॉडबँडच्या काळातला छोटा फिल्टर लटकत असतो, कुठे कॉलर आयडीचा डबा. फायबर बसवणारा माणूस बहुतेकदा नव्या डब्यातून एक वायर काढून याच जुन्या जाळ्यात जोडून जातो. हे सगळं बाजूला काढा. फायबरचा जो डबा बसवलाय, ज्याला सगळे मॉडेम म्हणतात पण कागदोपत्री ओएनटी असं नाव असतं, त्याच्या 'फोन', 'टेल' किंवा 'पॉट्स' लिहिलेल्या खाचेत नवी, आखूड वायर लावून ती थेट फॅक्सच्या 'लाइन' खाचेत घाला. मधे काहीही नको. या खाचेला तांत्रिक भाषेत एफएक्सएस पोर्ट म्हणतात. डायल टोन आणि घंटी पुरवणारं तोंड ते हेच.

असं थेट लावून फॅक्स गेला तर दोष तुमच्या भिंतीतल्या वायरिंगमध्ये आहे, कंपनीच्या लाइनमध्ये नाही. वायरमनकडून रोझेटपासूनची जोडी बदलून घ्या आणि इथेच थांबा.

दोन गोष्टी याच वेळी बघून घ्या. रिसीव्हरमध्ये 'घूं' असा सलग आवाज येत असेल तर मशीनच्या प्लगचं अर्थिंग तपासून घ्या. औद्योगिक गाळ्यांत हे वरचेवर निघतं. आणि ओएनटी इन्व्हर्टरवर किंवा यूपीएसवर आहे का? जुन्या लाइनला एक्स्चेंजकडूनच ४८ व्होल्ट मिळायचे. फायबरच्या डब्याची वीज तुमच्याकडची. लाइटने नुसता डोळा मिचकावला तरी डबा पुन्हा सुरू होतो आणि तेवढा वेळ लाइन नसते. 'अधूनमधून जात नाही' या तक्रारीमागे कधी कधी इतकंच असतं.

तिसरी : डायलिंग

मशीनच्या सेटिंगमध्ये डायलिंग 'पल्स'वर असेल तर 'टोन'वर करा. जुन्या मशीनवर पल्स लावलेला बऱ्याचदा सापडतो आणि फायबरच्या कित्येक डब्यांना पल्स कळतच नाही.

साठवलेले क्रमांक बघा. काही एसआयपी लायनींवर, म्हणजे इंटरनेटच्या पद्धतीने कॉल जोडणाऱ्या लायनींवर, गावातल्या क्रमांकालाही शून्य आणि एसटीडी कोड लावावा लागतो. पूर्वी नुसते आठ आकडे फिरवून लागणारा पुण्याचा नंबर आता ०२० लावूनच लागेल. फॅक्सच्या स्पीड डायलमध्ये मात्र जुनेच आकडे बसलेले असतात. ईपीएबीएक्समधून बाहेरची लाइन घ्यायला शून्य किंवा नऊ दाबावं लागत असेल तर त्यानंतर एक पॉज टाका. मशीन माणसासारखं डायल टोनची वाट बघत नाही.

आणि कॉल वेटिंग बंद करा. कंपनीकडे सांगा किंवा त्यांच्या कोडने स्वतः करा, पण करा. पान चालू असताना दुसरा कॉल आला की लाइनवर 'टूक' वाजतं. बोलताना ते आपण सोडून देतो, पण फॅक्सच्या पानात ते भोक पाडतं. दुपारी कॉल जास्त येतात तेव्हा फॅक्स तुटतो आणि संध्याकाळी सुरळीत जातो, असं असेल तर मी पहिला संशय यावरच घेतो.

चौथी : वेग कमी करा

माझ्या अनुभवात यानेच सगळ्यात जास्त मशीन सुरू होतात. सेटिंग मशीनमधलंच आहे, पैसे लागत नाहीत.

आताची बरीच मशीन 'सुपर जी३' असतात. त्यांचा वेग ३३,६०० बिटपर्यंत जातो, आणि त्यासाठी व्ही.३४ नावाचं मानक वापरतात. त्याला लाइन दोन्ही बाजूंनी अगदी निर्मळ लागते. तांब्यावर ते निभावतं, पुड्यांवर फारसं निभावत नाही. त्याखालचं व्ही.१७ हे १४,४०० पर्यंत, आणि व्ही.२९ हे ९,६०० पर्यंत. तुम्ही ९,६०० वर या. एचपीच्या मशीनवर फॅक्स स्पीडमध्ये 'स्लो' निवडा. ब्रदरच्या मशीनवर कंपॅटिबिलिटीमध्ये 'बेसिक (फॉर व्हीओआयपी)' असा पर्यायच दिलेला आहे. पॅनासॉनिकच्या जुन्या मशीनवर 'ओव्हरसीज मोड' असतो, परदेशी लावताना तो चालू करा. वेग कमी केल्याने पानामागे थोडे सेकंद जास्त लागतील, त्याने काही बिघडत नाही.

आता ईसीएम. एरर करेक्शन मोड. यात पान छोट्या छोट्या तुकड्यांत जातं, समोरचं मशीन खराब तुकडे मोजून सांगतं आणि तेवढेच पुन्हा मागवतं. लाइन फार खराब असेल तर पुन्हा-पुन्हा मागवण्यातच वेळ जातो आणि कॉल तुटतो. म्हणून बरेच जण सरळ सांगतात, "ईसीएम बंद करा." ब्रदरच्या त्या बेसिक पर्यायात तो आपोआप बंद होतोच.

मला मात्र हे सरसकट पटत नाही. ईसीएम बंद असताना एखादी ओळ उडाली तरी मशीन पान स्वीकारतं आणि तुमच्याकडे 'ओके' छापलं जातं. वर लक्षणांत लिहिलेलं 'ओके आलं पण ओळी गायब' हे बहुतेकदा यातूनच येतं. नुसतं पत्र असेल तर चालेल. पण इन्व्हॉइस, ड्रॉइंगची मापं, औषधाचं प्रमाण असल्या कागदात एक ओळ जाणं म्हणजे आकडा जाणं. तिथे ईसीएम चालूच ठेवा आणि वेग ७,२०० किंवा ४,८०० पर्यंत खाली आणा. तरीही जात नसेल तर लाइनच दुरुस्त करायला हवी. ईसीएम बंद करून तो दोष झाकू नका.

पाचवी : कान लावून ऐका

मशीनचा स्पीकर चालू करा, किंवा हँड्सफ्री दाबून फॅक्स लावा. ज्याला हे आवाज ओळखता येतात त्याला एरर कोडची फारशी गरज पडत नाही.

फॅक्स लावणारं मशीन दर तीन सेकंदांनी अर्धा सेकंद बीप देतं. तो सीएनजी टोन, ११०० हर्ट्झचा. 'मी माणूस नाही, फॅक्स आहे' अशी ती ओळख. समोरचं मशीन उचलतं आणि सलग लांब शिट्टी देतं, साधारण तीन सेकंदांची. तो सीईडी टोन, २१०० हर्ट्झ. मग थोडी गुळगुळ ऐकू येते, चूळ भरल्यासारखी. त्यात समोरचं मशीन मला काय-काय येतं ते सांगतं. ही बोलणी ३०० बिटच्या अगदी संथ वेगाने होतात, म्हणून खराब लाइनवरही बहुतेक वेळा निभावतात. मग आपलं मशीन गुळगुळ करून वेग कळवतं आणि लगेच दीड सेकंद खरखरीत फुसकारा देतं. ही तालीम, ट्रेनिंग म्हणतात तिला. समोरच्याला ती नीट ऐकू आली तर तो होकार देतो आणि मग खरं पान सुरू होतं, लांब फुसकाऱ्याचं. पान संपलं की पुन्हा दोन्हीकडून गुळगुळ : 'पान संपलं', 'मिळालं'. मग कॉल बंद.

आता तुमच्याकडे हे कुठे अडतं ते ऐका.

लांब शिट्टीच आली नाही, तर समोर फॅक्सने उचललंच नाही. माणूस, रेकॉर्डिंग किंवा चुकीचा नंबर.

गुळगुळ, फुसकारा, गुळगुळ, फुसकारा असं चालूच राहतं आणि शेवटी तुटतं, तर तालीम नापास होतेय. मशीन प्रत्येक वेळी वेग कमी करून पुन्हा बघतंय. चुकीचा कोडेक किंवा फार जिटर, दोन्हींत हेच ऐकू येतं.

शिट्टी आली आणि पहिल्या गुळगुळीच्या आसपासच कॉल कापला गेला, तर टी.३८ ची भानगड आहे, खाली सांगतो.

पान पूर्ण गेल्यासारखं वाटतं, मग शांतता, मग एरर : 'मिळालं' हा निरोप आपल्यापर्यंत पोचला नाही. अशा वेळी समोरच्याला पान मिळालेलंही असतं. चौकशी न करता तोच कागद पुन्हा-पुन्हा पाठवू नका, नाहीतर एका ऑर्डरच्या दोन होतात. भोसरीतल्या एका कारखान्यात परचेस ऑर्डरवरून जपानी ग्राहकाशी असाच घोळ झाला होता. तिथे दोष निघाला तो ओएनटी आणि फॅक्सच्या मधे राहिलेल्या जुन्या समांतर फोनचा.

आणि पहिली दोन पानं नीट जाऊन तिसऱ्यावर तुटत असेल तर ते घड्याळाचं लक्षण समजा. तुमच्या डब्याचं आणि पलीकडच्या यंत्राचं घड्याळ किंचित वेगळं चालतं. फरक साचत जातो, मग डबा एखादा तुकडा टाकतो किंवा वाढवतो, आणि फॅक्स तिथे कोलमडतो. कंपनीकडे तक्रार जाईपर्यंत लांब कागद दोन-दोन पानांच्या वेगळ्या कॉलनी पाठवा.

एचपीच्या काही मशीनवर 'टी.३० ट्रेस' छापता येतो. टी.३० म्हणजे वर सांगितलेल्या बोलण्यांचा ठरलेला क्रम. त्यावर एफटीटी दिसलं तर तालीम नापास, एमसीएफ म्हणजे पान मिळालं, डीसीएन म्हणजे कॉल बंद केला. डीसीएन कोणाकडून आलं तेवढं बघा.

सहावी : ईपीएबीएक्स

फॅक्स ईपीएबीएक्सच्या एक्स्टेंशनवर असेल तर आधी तो काढून थेट लाइनवर लावून बघा. गेला, तर दोष ईपीएबीएक्समध्ये. माझं मत विचाराल तर फॅक्सला कायमची स्वतंत्र लाइन द्या. महिन्याचं भाडं वाचवायला तो ऑटो अटेंडंटच्या मागे बसवलेला असतो. मग समोरच्या मशीनला 'नमस्कार, विक्रीसाठी एक दाबा' ऐकावं लागतं. चांगल्या ईपीएबीएक्समध्ये सीएनजी टोन ओळखून कॉल फॅक्सकडे वळवण्याची सोय असते. पण समोरचा हाताने नंबर फिरवून शिट्टीची वाट बघत बसला तर त्याच्याकडून सीएनजी येतच नाही आणि ती सोय वाया जाते. ज्यांना थेट क्रमांक द्यायचा पण वेगळी लाइन नको, त्यांनी डीआयडी घ्यावा. म्हणजे एकाच जोडणीवर अनेक बाहेरचे नंबर, त्यातला एक सरळ फॅक्सच्या एक्स्टेंशनवर. हंटिंग असेल, म्हणजे एक लाइन व्यस्त असली की कॉल दुसरीवर उडी मारतो, तर त्या गटातून फॅक्सचा नंबर बाहेर काढा.

तुमच्याकडे पीआरआय असेल, म्हणजे एकाच जोडणीवर ३० कॉल नेणारी डिजिटल लाइन, आणि बोलणं उत्तम असून फॅक्स पडत असेल, तर ईपीएबीएक्सच्या माणसाला एवढंच विचारा : "क्लॉक लाइनकडून घेतोय का स्वतःचं चालवतोय?" ईपीएबीएक्सने ते लाइनकडून घ्यायला हवं. हे सेटिंग स्वतः बदलायला जाऊ नका, सगळ्या लाइन एकदम बसतील.

सातवी : डब्यातली सेटिंग, आणि इथे हात आखडता घ्या

ऑफिसने स्वतःचा एटीए घेतला असेल तर पुढचं तुमच्या हातात आहे. एटीए म्हणजे साध्या फोनला इंटरनेट लाइनला जोडणारा छोटा डबा. फायबर कंपनीच्या ओएनटीमध्ये मात्र ही पानं बहुधा कुलूपबंद असतात. पासवर्ड मिळाला तरी व्हीएलएएन (फोन आणि इंटरनेटची वाहतूक वेगळी ठेवणारी सेटिंग) आणि एसआयपीच्या खात्याला हात लावू नका. ते गेलं की फोन आणि इंटरनेट दोन्ही जातं.

एटीएमध्ये बघायचं ते असं. कोडेकच्या यादीत जी.७११ ए-लॉ सगळ्यात वर ठेवा. जी.७११ चे दोन प्रकार आहेत : भारतात आणि युरोपात ए-लॉ चालतो, अमेरिका-जपानमध्ये म्यू-लॉ. सायलेन्स सप्रेशन बंद करा. ते शांततेच्या पुड्या पाठवतच नाही आणि फॅक्सच्या मधल्या विरामांत लाइन मेल्यासारखी होते. जिटर बफर, म्हणजे मागेपुढे आलेल्या पुड्या थोडा वेळ धरून ठेवण्याची सोय, 'फिक्स्ड' करा. डबा वाय-फायवर असेल तर केबलवर आणा. राउटरमध्ये एसआयपी एएलजी नावाचं काही चालू असेल तर ते बंद करा. नाव मदतीचं आहे, पण ते कॉलचे निरोप मधेच बदलतं आणि कॉल अर्ध्यात तुटतात.

आणि टी.३८. हे मानक १९९८ साली आलं, फॅक्स इंटरनेटवरून थेट नेण्यासाठी. यात डबा फॅक्सचा आवाज ऐकून त्यातली माहिती काढतो, माहितीच्याच पुड्या पाठवतो, आदल्या पुड्यांची प्रतही सोबत जोडतो, आणि पलीकडचा डबा त्यातून पुन्हा आवाज तयार करतो. एखादी पुडी हरवली तरी पुढचीत तिची प्रत असते. चाललं तर याच्याइतकं भरवशाचं दुसरं काही नाही. अडचण एकच : तुमचा डबा, तुमची कंपनी आणि वाटेतली प्रत्येक कंपनी, सगळ्यांना ते यायला हवं. कॉल आधी आवाजाचा म्हणून सुरू होतो, फॅक्सची गुळगुळ ऐकू आली की एक बाजू म्हणते 'आता टी.३८ वर जाऊ'. दुसरीने नकार दिला तर नियमाने परत जी.७११ वर यायला हवं, पण पुष्कळ ठिकाणी कॉलच कापला जातो. शिट्टीनंतर लगेच तुटण्याचं कारण हे. टी.३८ बंद करून बघा. मग आवाज जसाच्या तसा नेला जातो, त्याला पास-थ्रू म्हणतात. आधी बंद होतं तर चालू करून बघा. दोन्हींत जे चालेल ते ठेवा.

कुठे थांबायचं

ओएनटीवर 'लॉस' नावाचा लाल दिवा लागला असेल तर काहीही करू नका, कंपनीला फोन करा. पिवळी बारीक फायबर वायर उपसून पुसू नका, वाकवू नका, आणि तिच्या टोकात डोळा लावून तर अजिबात बघू नका. आतला प्रकाश दिसत नसला तरी डोळ्याला इजा करू शकतो.

उघड्या टेलिफोन जोडीला घंटी वाजताना हात लावू नका. तेव्हा तिच्यावर ५० व्होल्टच्या वर एसी येतो आणि झटका बसतो. बाहेर वीज कडाडत असेल तर तारेवरचं काम पुढे ढकला. लेझर मशीनचं मागचं झाकण चालू स्थितीत उघडू नका, आतला फ्यूजर भाजण्याइतका तापलेला असतो.

थेट ओएनटीवर, ९,६०० वर, ईसीएम चालू-बंद दोन्ही करून, दोन वेगळ्या क्रमांकांवर पाठवूनही जात नसेल तर तुमच्या बाजूचं काम संपलं. आता कंपनीकडे तक्रार. ती लेखी करा आणि 'फोन चालत नाही' असं लिहू नका, कारण माणूस येईल, फोन लावून बघेल आणि सही घेऊन जाईल. असं लिहा :

"व्हॉइस सुरळीत. जी३ फॅक्स अयशस्वी. मशीन थेट ओएनटीच्या फोन पोर्टवर, वेग ९,६००. कृपया या नंबरवर जी.७११ ए-लॉ आहे का, सायलेन्स सप्रेशन बंद आहे का, टी.३८ चालतं का आणि कॉल वाटेत जी.७२९ वर जातो का, हे तपासून कळवावं."

सोबत अयशस्वी कॉलची तारीख, वेळ, लावलेला क्रमांक आणि तो जपून ठेवलेला रिपोर्ट. वेळ मिनिटापर्यंत अचूक हवी. त्यांच्याकडे प्रत्येक कॉलची नोंद असते आणि वेळ जुळली तरच इंजिनीअरला ती सापडते. अशी तक्रार पहिल्या टेबलावर अडत नाही, ती ज्याला कळते त्याच्याकडे सरकते.

कंपनीने 'आमच्याकडे टी.३८ नाही' असं स्पष्ट सांगितलं, तर मशीनवर आणखी खर्च करू नका. नवं मशीनही त्याच लाइनवर अडेल.

मग इंटरनेट फॅक्स घ्यायचा का?

दिवसाला हातावर मोजण्याइतके फॅक्स आणि तेही परदेशात, अशी परिस्थिती असेल तर हो. यात तुमच्या ऑफिसात फॅक्सची लाइनच नसते. 'फॅक्स-टू-ईमेल' म्हणजे समोरच्याने नेहमीसारखा फॅक्स लावायचा, तुम्हाला तो पीडीएफ म्हणून मेलमध्ये मिळतो. 'ईमेल-टू-फॅक्स' म्हणजे तुम्ही मेलला पीडीएफ जोडून पाठवायचा, समोरच्याच्या मशीनमधून कागद निघतो. टी.३०, टी.३८ ची सगळी डोकेदुखी सेवा देणाऱ्याकडे जाते.

घेण्याआधी पाच प्रश्न विचारा. नंबर कोणत्या देशाचा आणि कोणत्या शहराचा मिळेल? पोचपावतीत 'रांगेत लावला' आणि 'समोरच्या मशीनने स्वीकारला' हे वेगळं दाखवतात का? कारण नुसती 'सेंट' ही पोच नाही. आलेले फॅक्स त्यांच्याकडे किती दिवस राहतात आणि ते कोण बघू शकतं? अमेरिकी रुग्णांची कागदपत्रं हाताळत असाल तर हिपा या रुग्णांच्या माहितीच्या गोपनीयतेच्या अमेरिकी कायद्यानुसार लेखी करार देतात का, हे करार करण्याआधी बघा. आणि सेवा बंद केली तर नंबर तुमच्याकडे राहतो का?

आलेले फॅक्स एकाच माणसाच्या मेलवर घेऊ नका. तो रजेवर गेला की ऑर्डर त्याच्या इनबॉक्समध्ये पडून राहते. ऑफिसचा सामाईक पत्ता द्या आणि तो रोज कोणी उघडायचा ते ठरवा.

जुनी लाइन लगेच कापू नका. ग्राहकांच्या मशीनच्या स्पीड डायलमध्ये तुमचा जुना नंबर बसलेला आहे आणि तो बदलायला त्यांना सवड लागते. लेटरहेड, इन्व्हॉइसचा नमुना, ईमेलची सही, वेबसाइट, सगळीकडे नवा नंबर टाका. जुन्या नंबरवर येणाऱ्या प्रत्येक फॅक्सच्या उत्तरात तो कळवा. जुन्या मशीनचा जर्नल दर आठवड्याला छापून बघा, त्यात कोणाकोणाचे नंबर अजून येतायत ते दिसतं. त्यांना एकेकाला फोन करा, आणि पूर्ण महिनाभर त्यावर काही आलं नाही की मग लाइन बंद करायचा अर्ज द्या.